बालमंदिर ते अंगणवाडी

लहान मुलांच्या शाळेला आपल्याकडे एक नाव कधीच पुरले नाही. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० साली सुरू केले ते ‘बालमंदिर’. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली मुंबईत दादरला उभारला तो ‘शिशुविहार’. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथील कामातून ‘बालवाडी’ व ‘अंगणवाडी’ हे शब्द घरोघरी पोचले. आणि आपल्या इंदुरात शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली ज्याचा पाया घातला ते ‘बालनिकेतन’. मंदिर, विहार, वाडी, अंगण, निकेतन. या पाचांत ‘शाळा’ हा शब्द कोठेच नाही, आणि तो अनवधानाने राहून गेला असावा असे मला वाटत नाही. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना चार वर्षांच्या मुलासाठी नेहमीची शाळा नकोच होती.

शताब्दी ग्रंथात संस्थांचा इतिहास पुष्कळ येतो, आणि तो यावाही. परंतु प्रस्तुत लेखात मला संस्थांपेक्षा त्यांच्या दालनात काय चालत असे, बाई मुलाशी कशी वागे, काय बोले आणि मुख्य म्हणजे केव्हा गप्प बसे, याचा मागोवा घ्यावयाचा आहे. संस्थेचे नाव फलकावर टिकते. वर्गातील रीत मात्र एका पिढीने दुसरीला दाखविली नाही तर पुसून जाते.

या रीतीचे मूळ रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आहे. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी तेथे ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह उघडले. त्या पेशाने वैद्य होत्या, आणि मुलाला शिकविण्याआधी त्याचे निरीक्षण करावे, ही त्यांची सवय वैद्यकातूनच आलेली होती. त्यांचे विचार ग्रंथरूपाने हिंदुस्थानात पोचले ते त्या स्वतः १९३९ साली मद्रासला येण्याच्या पुष्कळ आधी. व्यवसायाने वकील असलेले गिजुभाई त्या विचारांनी भारावले. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई १९२३ साली त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मराठी बालशिक्षणाचे रोप असे गुजराती मातीत वाढले, हे आपण मराठी मंडळींनी कृतज्ञतेने लक्षात ठेवले पाहिजे. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत व नंतर मराठीत निघू लागली, आणि मुलाला न मारता वाढविता येते ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांना प्रथम अशा मासिकांच्या पानांवरच कळली. वाचनालयांनी केलेल्या कामाचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा कोणी मांडत नाही.

आता दालनात शिरू. माँटेसोरी साधनांपैकी दट्ट्यापेटी आजही अनेक बालवाड्यांत आढळते. लाकडाच्या लांब ठोकळ्यात दहा भोके, आणि प्रत्येकात नेमका बसणारा एकेक दट्ट्या. कोणी जाड, कोणी बारीक, कोणी उंच, कोणी ठेंगणा. बाई मुलाशेजारी बसते, दट्ट्ये काढून मिसळते आणि एकेक परत बसवून दाखविते. हे सारे संथपणे, जवळजवळ न बोलता. मग ती बाजूला होते. मूल एखादा बारीक दट्ट्या मोठ्या भोकात टाकते. तो बसतोही, आणि काम जमले असे त्याला वाटते. पण शेवटी हातात एक जाड दट्ट्या उरतो आणि उरलेल्या भोकात तो काही केल्या जात नाही. चूक कोठे झाली हे येथे बाईने सांगावयाचे नसते. ते पेटीच सांगते. या क्षणी बाईने पुढे होऊन “अरे, तो तिथे नाही” असे म्हटले की साधनाचा सारा उपयोग संपतो. मुलाच्या कपाळावर आठी पडलेली दिसत असताना हात मांडीवर ठेवून बसणे ही बालशिक्षणातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. ती ज्या बाईला साधते तिला बाकीचे बरेचसे साधते.

शब्द शिकविण्याची रीतही अशीच संयमाची. पहिल्या पायरीवर बाई एवढेच म्हणते, “हा लाल. हा निळा.” दुसऱ्या पायरीवर, “मला लाल दे.” तिसऱ्या पायरीवर, “हा कोणता?” दुसऱ्या पायरीवर मुलाने निळा उचलून दिला तर ‘चुकलास’ हा शब्द उच्चारावयाचा नाही. पाठ तेथेच हसतमुखाने थांबवावयाचा आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी पहिल्यापासून घ्यावयाचा. कारण त्या दिवशी मूल नापास झालेले नसते. बाईची घाई उघडी पडलेली असते. वर्ग शांत करण्यासाठी पट्टी आपटण्याऐवजी शांततेचा खेळ होता. मुले डोळे मिटून बसत. बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव अगदी हलक्या आवाजात घेई, आणि ज्याचे नाव येई ते मूल पाऊल न वाजविता तिच्यापर्यंत जाई. आपले नाव कोणी इतक्या हळू घेऊ शकते, हाच मुलांना नवलाचा विषय असे.

लेखनाचा प्रश्न येथेच घेतला पाहिजे, कारण आजच्या पालकांचा सारा जीव त्यातच अडकलेला असतो. तीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वही देऊन पानेच्या पाने गिरवावयास लावणे आता सर्वत्र रूढ झाले आहे, आणि ते ‘माँटेसोरी’ अशी पाटी असलेल्या ठिकाणीही चालते. माँटेसोरीबाईंची मुले लवकर लिहीत हे खरे. सान लोरेन्झोतील चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन खडूने जमिनीवर शब्द लिहू लागली, याचे वर्णन त्यांनीच केले आहे. परंतु त्याआधी कित्येक महिने त्या मुलांनी दट्ट्यांच्या मुठी तीन बोटांच्या चिमटीत धरल्या होत्या, आकृत्यांच्या कडांवरून पेन्सिल फिरविली होती, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट नेत त्यांचे ध्वनी उच्चारले होते. हात तयार झाला, कान तयार झाला, आणि लेखन त्यातून बाहेर पडले. आपण शेवटची पायरी तेवढी उचलली आणि आधीच्या साऱ्या गाळल्या. मूल केव्हा लिहिते यापेक्षा ते कोणाच्या हुकुमाने लिहिते हा प्रश्न मोठा आहे.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी माँटेसोरी पद्धत जशीच्या तशी मात्र घेतली नाही. माँटेसोरीबाईंना लहान वयात अद्भुतकथा नको होत्या. मुलाने आधी वास्तव जगाशी परिचय करून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. गिजुभाईंनी गोष्टींना बालमंदिरात मानाचे स्थान दिले आणि गाणी व नाटकेही आणली. ज्या देशात आजीच्या मांडीवर चिऊ-काऊ भेटतात तेथे गोष्टीला दाराबाहेर ठेवणे शक्यही नव्हते. या मतभेदात मी निःसंकोचपणे गिजुभाईंच्या बाजूचा आहे.

ताराबाईंनी याहून मोठी फारकत केली. दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गीय मुले येत होती, काम चांगले चालले होते. पण खेड्यातील मुलाला ही महागडी लाकडी साधने कोठून मिळणार? १९४५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सेवाग्रामच्या परिषदेत नयी तालीमची व्याप्ती वाढून तीत पूर्व-बुनियादी वयही आले, आणि त्याच वर्षी ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हाच्या ठाणे आणि २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील हा वारली वस्तीचा प्रदेश.

बालवाडी उघडली म्हणजे मुले येतात, हा शहरी समज येथे टिकला नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली. ताई पाड्यावर जाई, कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करी, त्यांना आंघोळ घाली, केस विंचरी, नखे कापी. गाणे, गोष्ट आणि खेळ त्यानंतर. दट्ट्यापेटीची जागा बिया, शंख-शिंपले, गारगोट्या, पाने, काटक्या आणि ओली माती यांनी घेतली. चिंचोके मोजता येतात, रंगावरून व आकारावरून निवडता येतात, ओळीत मांडता येतात. हरवले तरी कोणी रागावत नाही. साधन बदलले, क्रम, निरीक्षण आणि मुलाने स्वतः हाताळणे ही त्यामागील सूत्रे बदलली नाहीत. थोरली मुले गुरे घेऊन रानात जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत, त्यांना शाळेत येण्यास सवड नसे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्याला ‘विकासवाडी’ म्हटले गेले. बहीण वर्गात, मधला भाऊ बालवाडीत, तान्हे पाळण्यात. शाळेतून होणारी गळती थोपविण्याचा इतका सरळ उपाय क्वचितच कोणाला सुचला असेल.

इंदूरला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. शालिनीताई मोघे या संविधान सभेचे सदस्य तात्या सरवटे यांच्या कन्या. पागनीसपागेतील त्यांच्या बालनिकेतन संघाने या शहरातील तीन-चार पिढ्यांना शाळेची पहिली पायरी दाखविली; १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ साली त्या निवर्तल्या. शहराबाहेरच्या कस्तुरबाग्रामात कस्तुरबा ट्रस्टने खेड्यांतील बालवाड्यांसाठी सेविका तयार केल्या. गिजुभाईंचे साहित्य हिंदी वाचकांपर्यंत नेण्यात काशिनाथ त्रिवेदी यांचा वाटा मोठा, आणि त्यांचेही कार्यक्षेत्र हेच.

आपला प्रश्न कोसबाडच्या प्रश्नाचाच भाऊबंद आहे. होळकर राजकन्येचे नाव धारण करणाऱ्या या स्नेहलतागंजात मूल घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी ऐकते, आणि तिसऱ्या वर्षी त्याला इंग्रजी फळांची नावे पाठ करावयास बसवितात. आंबा त्याने खाल्लेला असतो. ‘मँगो’ त्याला चित्रातच भेटतो. वारली मुलाला शाळेची मराठीही परकी होती, म्हणून तेथील ताईला आधी मुलाचा शब्द शिकावा लागे. येथे ‘पाणी हवं’ म्हणणाऱ्या मुलाचे बोलणे हिंदीभाषक बाईने समजून घेतले, त्याला त्याच शब्दांत एकदा उत्तर दिले, तर हिंदी ते पुढे आपसूक शिकते. मुलाला आधी ‘ठीक से बोलो’ म्हणून दटावले तर ते दोन्ही भाषांत गप्प होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी ही त्यांची कामे मोलाची आहेत, हे कोणीही नाकारणार नाही. पण या कामांच्या गर्दीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण बहुधा शेवटी उरलेल्या वेळात होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या वयाला शिक्षणाच्या मुख्य आराखड्यात प्रथमच स्थान दिले. अंगणवाडी सेविकांसाठी त्यात प्रशिक्षणाची योजनाही आहे : बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम, तोही दूरचित्रवाणी व स्मार्टफोनच्या साहाय्याने, म्हणजे नोकरीत खंड न पडता. प्रत्यक्ष भेटीचा संपर्कवर्ग महिन्यातून किमान एक. अनुताई १९४५ साली बोर्डीला गेल्या, आणि १९७३ साली ताराबाई गेल्या तोवर अठ्ठावीस वर्षे त्यांनी ताराबाईंच्या शेजारी बसून मुले पाहिली.