गुण बघायचा की जागा? ड्राफ्टची कुळकथा

फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात 8 फेब्रुवारी 1936 रोजी नऊ संघांचे मालक जमले. फळ्यावर कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या सुमारे नव्वद खेळाडूंची नावे लिहिली होती. एकेकाने आळीपाळीने एक नाव उचलायचे, आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाने सर्वांत आधी. नऊ फेऱ्यांत 81 नावे वाटली गेली. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, हा पहिला ड्राफ्ट.

कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक बर्ट बेल याची. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्तका त्याला हवा होता, पण संघासंघांत बोली वाढत गेली आणि कोस्तका ब्रुकलिनला गेला. गब्बर संघ चांगले गडी पळवतात, म्हणून ते जिंकतात. जिंकतात म्हणून त्यांचीच तिकिटे खपतात. मे 1935मध्ये बेलने हे गणित इतर मालकांपुढे मांडले आणि सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या हंगामात ईगल्सच तळाला गेले, त्यामुळे पहिले नाव उचलण्याचा मानही त्यांनाच मिळाला. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर निवडला. पण बर्वांगर ईगल्सकडून खेळला नाही, त्याचे हक्क ज्यांना दिले त्या शिकागो बेअर्सकडूनही नाही. तेव्हा व्यावसायिक फुटबॉलपेक्षा नोकरी बरी, असे वाटणारे अनेक होते.

गंमत अशी, की ड्राफ्टशी आज चिकटलेला मोठा वाद त्या खोलीत उभाच राहिला नसता. सर्वांत गुणी खेळाडू घ्यायचा, की संघात जी जागा रिकामी आहे तिथला? त्या काळी बदली खेळाडूंवर कडक बंधने होती. जे अकरा जण चढाई करत, तेच बचावालाही उभे राहत. चांगला गडी म्हणजे सगळी कामे करणारा गडी.

1950मध्ये एनएफएलने हवे तितके खेळाडू हवे तेव्हा बदलायची मुभा कायमची दिली आणि खेळाचे रूप पालटले. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे, नुसती लाथ मारणारा आणखी वेगळा. गोव्यातल्या कोरगावच्या जत्रेत रात्र जागवणाऱ्याला हे लगेच कळेल. दशावतारी कंपनीत राजपार्टी, स्त्रीपार्टी, संकासूर ठरलेले असतात. दोन तगडे राजे आहेत आणि स्त्रीपार्टी नाही, तर आख्यान पुढे सरकणार कसे? कंपनीच्या मालकापुढची ही अडचण आता अमेरिकन संघांपुढेही आली.

1960मध्ये जन्मलेल्या डॅलस काउबॉइज संघाने तिला संगणकाने उत्तर द्यायचे ठरवले. व्यवस्थापक टेक्स श्रॅम याने आयबीएमच्या एका उपकंपनीची मदत घेतली. तिथे काम पडले सलाम कुरेशी या भारतीय संख्याशास्त्रज्ञाकडे, ज्याला अमेरिकन फुटबॉल ठाऊकच नव्हता. चपळाई, ताकद, जिद्द, समज, स्वभाव अशा गुणांना आकडे देऊन खेळाडूंची एकच उतरती यादी करायची, ही त्यामागची रीत. जागा मागाहून बघायची. 1964च्या ड्राफ्टमध्ये काउबॉइजनी सातव्या फेरीत बॉब हेझला घेतले. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचे सुवर्ण जिंकणारा हा धावपटू पुढे त्यांचा नामी रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा गडी, झाला.

उलट वाटेने गेलेल्यांची फजिती जास्त लक्षात राहते. 1984मध्ये बास्केटबॉलच्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये पोर्टलँड संघाला उंच सेंटर हवा होता. क्लाइड ड्रेक्सलर संघात असल्याने त्याच धाटणीचा आणखी एक कशाला, असा हिशेब करून त्यांनी सॅम बोवी घेतला. लगेच पुढचे नाव शिकागोने उचलले: मायकेल जॉर्डन.

आपल्याकडचा जॉर्डन 2008चा. आयपीएलच्या पहिल्या हंगामात मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण 19 वर्षांखालील खेळाडूंसाठी ड्राफ्ट होता. मलेशियात विश्वचषक जिंकून आलेला कर्णधार विराट कोहली दिल्लीचाच. पण दिल्ली संघाकडे सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स असे फलंदाज होते. कमी होती ती गोलंदाजाची. त्यांनी त्याच विजेत्या संघातला डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. कोहली बंगळूरला गेला आणि तिथलाच झाला.

गोव्याचा फुटबॉल मात्र गोल चेंडूचा आणि पायाने खेळायचा. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) देशी खेळाडूंचा पहिला ड्राफ्ट जुलै 2014मध्ये मुंबईत झाला. पण एफसी गोवाने आपल्या देशी संघाचा कणा धेंपो क्लबमधून आणला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा क्लब. त्याचे गडी एकमेकांच्या सवयीचे, जागा आधीच वाटलेल्या. प्रशिक्षक झिकोच्या हाताखाली तो संघ पहिल्याच वर्षी उपांत्य फेरीत गेला आणि 2015मध्ये फातोर्ड्यावर अंतिम सामना खेळला.

याच धेंपोतून आलेला मंदार राव देसाई डाव्या बगलेने चढाई करणारा विंगर. पुढे प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या काळात तो मागे सरकून लेफ्ट बॅक झाला, आणि आयएसएलमध्ये शंभर सामने खेळणारा पहिला खेळाडू ठरला. रिकामी जागा भरली, पण बाहेरून कुणाला आणून नव्हे. हाताशी असलेल्या गड्यालाच नवे काम शिकवून.

आयएसएलचा अखेरचा ड्राफ्ट 23 जुलै 2017 रोजी मुंबईत झाला. पहिले नाव जमशेदपूरने उचलले: बचावपटू अनस एडाथोडिका. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये क्लब थेट करार करतात, दुसऱ्या क्लबला पैसे मोजून खेळाडू आणतात. जो जास्त मोजेल त्याचा गडी, ही बर्ट बेलला खुपलेली पद्धत इथे रूढ आहे. आणि जागा रिकामी असली, तर आपली पाळी येईपर्यंत थांबायची गरज उरलेली नाही.