अनोळखी कनेक्टर ओळखताना: इंच, मिलिमीटर आणि जुनी नावे

समजा, बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात. बंद पडलेल्या यंत्राचा कंट्रोल बोर्ड तुमच्यासमोर आहे. बाकी सारे ठीक, फक्त दहा पिनांचा एक पांढरा कनेक्टर वितळला आहे. त्यावर ना नाव, ना नंबर. तो ओळखता आला तर नवा बसवून यंत्र चालू होईल, नाहीतर अख्खा बोर्ड बदलावा लागेल.

पहिली खूण म्हणजे पिच, अर्थात शेजारच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंमधले अंतर. अमेरिकी कंपन्यांनी आपले कनेक्टर इंचात आखले. इंचाचा दहावा भाग म्हणजे २.५४ मिमी, आणि मोलेक्सची प्रसिद्ध केके मालिका याच मापाची आहे. जपानच्या जेएसटी कंपनीची एक्सएच मालिका मात्र २.५ मिमीची. हा ०.०४ मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोनच पिनांमधले अंतर मोजून थांबू नका. व्हर्नियर घेऊन पहिल्या पिनेपासून दहाव्या पिनेपर्यंत मोजा. नऊ अंतरांची बेरीज २२.८६ आली तर घराणे इंचाचे, २२.५ आली तर मिलिमीटरचे. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, पण सर्किट बोर्डावर इंच आजही ठाण मांडून आहे. कनेक्टर दोन-तीन पिनांचाच असेल तर ही युक्ती लंगडी पडते. मग खाचा, लॉकची बाजू आणि भिंतींची उंची कंपनीच्या आकृतीशी ताडून पाहावी लागते.

माप कळले तरी नाव फसवते. सुट्या तारांच्या काळ्या कनेक्टरला सगळे ‘ड्यूपॉन्ट’ म्हणतात. मुळात तो बर्ग या अमेरिकी कंपनीचा. ड्यूपॉन्टने १९७२ मध्ये बर्ग विकत घेतली आणि १९९० च्या दशकात विकूनही टाकली. पुढे हा वारसा एफसीआयकडे आणि २०१६ मध्ये अँफेनॉलकडे गेला. या अँफेनॉलचा कारखाना पुण्यात भोसरीला आहे! मालक बदलत गेले, बाजारातले नाव तेच राहिले.

‘डीबी-९’ची गोष्ट तशीच. कॅनन कंपनीने १९५२ मध्ये आणलेल्या डी आकाराच्या मालिकेत दुसरे अक्षर कवचाचा आकार सांगते. २५ पिनांचे कवच ‘बी’, नऊ पिनांचे ‘ई’. म्हणजे खरे नाव डीई-९. पण संगणकाच्या सीरियल पोर्टसाठी लोकांना डीबी-२५ ची सवय होती. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीवर त्याच कामासाठी नऊ पिना आल्या, तेव्हा जुनेच अक्षर पुढे चालू राहिले. एस. पी. रोडवरच्या दुकानात ‘डीबी-९’ मागा, कॅटलॉगमध्ये मात्र डीई-९ ही शोधा.

एक धोका उरतोच. लिथियम बॅटरीच्या तारेला बहुधा जेएसटीचा २ मिमी पिचचा दोन पिनांचा पीएच कनेक्टर असतो. जेएसटीने ठरवला तो आकार. धन कोणत्या बाजूला, हे बॅटरी बनवणारा ठरवतो, आणि दोन्ही प्रकार बाजारात मिळतात. तेव्हा कनेक्टर अचूक बसत असला तरी जोडण्याआधी मल्टिमीटर लावून पाहा.