ओळख कोण पटवणार?

वायफायचा पासवर्ड बदलण्यासाठी आपण संगणकावर राऊटरचं पान उघडतो आणि पडद्यावर इशारा येतो, 'ही जोडणी सुरक्षित नाही.' आपल्याच घरातलं यंत्र, मग ते परकं कसं? याचं उत्तर इतिहासात सापडतं.

१९७६ मध्ये अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. एक किल्ली जगजाहीर, दुसरी गुप्त. जाहीर किल्लीनं बंद केलेला मजकूर फक्त गुप्त किल्लीनंच उघडायचा. पण जाहीर किल्ली नेमकी कोणाची, हे कसं ओळखावं? १९७८ मध्ये एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्यानं पदवीच्या प्रबंधात तोड सुचवली. नाव आणि किल्ली एका दाखल्यावर लिहावी व त्यावर भरवशाच्या तिसऱ्यानं सही करावी. तलाठ्याच्या दाखल्यासारखंच हे! यालाच आपण डिजिटल प्रमाणपत्र म्हणतो. १९८८ मध्ये 'एक्स.५०९' या नावानं त्याचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरला.

राऊटरची अडचण इथंच सुरू होते. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. त्यामुळे १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता असंख्य घरांत असतो. तिसऱ्यानं सही द्यायची तरी कोणत्या घरासाठी? म्हणून नोव्हेंबर २०१५ पासून अशा पत्त्यांना नवी प्रमाणपत्रं देणं नियमानं बंद झालं. मग राऊटर आपला दाखला आपणच लिहितो. ब्राउझर त्यावर विश्वास ठेवत नाही आणि इशारा देतो.

तो इशारा अगदीच पोकळ नसतो. २०१५ मध्येच ऑस्ट्रियातल्या 'एसईसी कन्सल्ट' या संस्थेनं राऊटरसारख्या चार हजारांहून अधिक उपकरणांचं सॉफ्टवेअर तपासलं. त्यात ५८० हून अधिक गुप्त किल्ल्या सापडल्या, आणि त्यांतल्या कित्येक अनेक उपकरणांत सारख्याच होत्या. म्हणजे कुलुपं अनेक घरांची, किल्ली मात्र एकच!

मग आपण काय करावं? राऊटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावं. बाहेरून राऊटर हाताळण्याची सोय बंद करावी. नवं प्रमाणपत्र तयार करण्याची सोय असेल, तर ते तयार करून आपल्या संगणकाला त्याची ओळख करून द्यावी. त्यानंतर इशारा आला, तर थांबून कारण शोधावं.

खरा धोका आहे तो सवयीचा. घरच्या यंत्राचा इशारा रोज डोळे झाकून ओलांडणारा हात बँकेच्या पानावरही तसाच पुढे जातो. तिथं मात्र तो इशारा कधीही ओलांडू नये.

(नभोवाणीवरील भाषणाच्या आधारे)