दुखऱ्या हाताची बोली

भाताची कापणी उरकली, की हरसूल परिसरातल्या पाड्यापाड्यांतून टेनिस चेंडूच्या स्पर्धांचे वेध लागतात. मोकळ्या झालेल्या खाचरांत दगडगोटे वेचून, ढेकळे फोडून खेळपट्टी केली जाते आणि संघांची जमवाजमव सुरू होते. अशाच एका जमवाजमवीच्या वेळी आम्ही उपस्थित होतो. चर्चा एका गोलंदाजाची चालली होती. वय चाळिशीच्या आसपास. एके काळी पंचक्रोशीत त्याचा चेंडू खेळायला मुले बिचकत. पुढे गिरणाऱ्याकडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेला असता क्रेट उतरवताना खांदा गेला, तो दोन हंगाम वर उचलताच येईना. आता तो उचलू लागला आहे, असे त्याचे स्वतःचे म्हणणे. घ्यायचा की नाही? ‘हात गेला त्याचा’, असे एका पोराने स्वच्छ सांगून टाकले. त्यावर दुसरा, जरा थोराड, म्हणाला, ‘दिल्लीनं झहीरला नव्हता घेतला?’

या प्रश्नाने वाद मिटला नाही. परंतु आमचे मन त्यात गुंतून राहिले. झिजलेला, दुखावलेला, वयस्क हात एखादा संघ घेतो तेव्हा तो नेमके काय घेतो? आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचा असा दुसरा प्रश्न : त्या हाताचे दुखणे कोणाच्या शब्दांत आपल्यापर्यंत येते? मराठीत ‘बोली’ हा शब्द लिलावालाही आहे आणि भाषेलाही. पुढील विवेचनात तो दोन्ही अर्थांनी घ्यावा, अशी वाचकांना विनंती आहे.

प्रथम झहीर खान. जन्म ७ ऑक्टोबर १९७८, श्रीरामपूरचा. म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. गोदावरीच्या खोऱ्यातल्या साखरपट्ट्यातून हा मुलगा शिक्षणासाठी मुंबईला आला, सुधीर नाईक यांच्या नजरेस पडला, चेन्नईच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये घडला आणि रणजी सामने बडोद्याकडून खेळू लागला. २००० साली तो भारतीय संघात आला. त्यानंतरच्या १४ वर्षांत ९२ कसोटी सामने आणि ३११ बळी. या आकड्यांच्या मधल्या जागा दुखापतींनी भरलेल्या आहेत. मांडीचा मागचा स्नायू, घोटा, खांदा, पाठ. एका द्रुतगती गोलंदाजाच्या देहाची ही अवयवसूची वृत्तपत्रांच्या नित्य वाचकाला जवळजवळ पाठ झाली होती.

२१ जुलै २०११ चा दिवस आठवावा. लॉर्ड्सवर कसोटी क्रिकेटच्या इतिहासातला २००० वा सामना सुरू झालेला. झहीरने इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर बाद केले आणि चौदाव्या षटकाच्या मध्यावर तो मांडी धरून थांबला. तो पुन्हा त्या मालिकेत चेंडू टाकू शकला नाही. भारत ती मालिका ४–० अशी हरला. तीनच महिन्यांपूर्वी याच हाताने विश्वचषकात २१ बळी घेतले होते. त्या संध्याकाळी देशभरच्या चहाच्या टपऱ्यांवर ‘हॅमस्ट्रिंग’ हा शब्द माणसे सराईतपणे उच्चारीत होती. एका माणसाच्या मांडीतला एक स्नायू ही सार्वजनिक मालमत्ता होऊन बसली होती.

परंतु झहीरची खरी कथा वेगाची नाही; वेग गमावत जाण्याची आहे. २००६ मध्ये भारतीय संघातून वगळला गेलेला झहीर वूस्टरशरकडून खेळायला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेऊन परतला. तेथे त्याने धाव आखूड केली. पुढे चेंडू सोडण्याआधी तो दुसऱ्या हाताने झाकून घेण्याची युक्ती त्याने अंगवळणी पाडली. फलंदाजाला चकाकीची बाजू दिसू नये एवढ्याचसाठी. चकवणारा संथ चेंडू त्याने घोटून घोटून तयार केला. म्हणजे शरीर जसजसे कमी देऊ लागले, तसतशी बुद्धी अधिक देऊ लागली. २००७ च्या ट्रेंट ब्रिजवरील सामन्यात ९ बळी घेणारा झहीर हा २००३ च्या झहीरपेक्षा संथ होता आणि कितीतरी अधिक भयंकर होता.

२०१४ च्या आयपीएलसाठी मुंबई इंडियन्सने त्याला २ कोटी ६० लाखांना घेतले. मोजके सामने खेळून तो पुन्हा जायबंदी झाला आणि मुंबईने त्याला सोडले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी बंगळुरूच्या लिलावात दिल्ली डेअरडेव्हिल्सने ४ कोटींची बोली लावून त्याला घेतले तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि कित्येक महिने स्पर्धात्मक क्रिकेट खेळलेला नव्हता. त्याच दिवशी त्याच संघाने युवराज सिंगवर १६ कोटी खर्च केल्यामुळे या ४ कोटींची फारशी चर्चा झाली नाही. किंमत मात्र विचार करण्याजोगी आहे. धडधाकट समजून मुंबईने दिली त्याहून अधिक रक्कम दुखावलेल्या हाताला दिल्लीने दिली.

हंगामाचे पहिले सामने तो बाहेरच बसला. नंतर ७ सामने खेळला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. दिवसाला अठरा षटके टाकण्याचा भार हा देह आता सोसणार नाही, हे सरावातच कळून आल्याचे त्याने त्या निवेदनात मोकळेपणाने सांगितले. आणि दिल्लीने २०१६ साली त्यालाच कर्णधार केले. त्या दोन्ही हंगामांत संघ पहिल्या चारांत काही गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण २०१७ मध्ये झहीरने या स्पर्धेतले १०० बळी पूर्ण केले. टी-ट्वेंटीत गोलंदाजाच्या वाट्याला चारच षटके येतात. जो देह अठरा षटकांना अपुरा, तो चारांना पुरेसा होता. दिल्लीने घेतली ती चोवीस चेंडूंची शिल्लक आणि त्यामागची पंधरा वर्षांची जाण.

येथवर हरसूलच्या त्या तरुणाचे म्हणणे रास्त ठरते. तथापि दुखऱ्या हाताला संघात घेण्याची महाराष्ट्रातली कथा २०१५ पासून सुरू होत नाही. ती शतकभर मागे जाते, आणि तेथे तिचे रूप बरेच वेगळे आहे.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार समाजातले हे कुटुंब मूळ कोकणातले. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे पुण्यास आलेले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, मैदान झाडण्याची आणि रूळ फिरवण्याची. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये मिळू लागले. रूळ फिरवणे, जाळी उभारणे, रेषा आखणे ही कामे. आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे जास्तीचे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई आणि आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर या हातावर लागलेली पहिली बोली ती. त्याच जाळीत बाळूंना बॅट मात्र कधी हाती मिळाली नाही.

पुढचा भाग आता बराच परिचित झाला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पुण्याच्या हिंदू संघाने गोऱ्यांना हरवण्याच्या ईर्ष्येने बाळूंना घेतले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले, चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. मुंबईत हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांवर मिळवलेल्या गाजलेल्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ या ग्रंथात हा सारा इतिहास उभा केला आहे. त्यानंतरच इंग्रजी वाचणारा भारतीय वाचक बाळूंकडे वळला, आणि आपण मराठी वाचक, सवयीप्रमाणे, इंग्रजी वाचकाच्या मागून.

आम्हांला थांबायचे आहे ते १९११ पाशी. पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय ३५. डावा खांदा दुखरा. संघ एकामागून एक सामने हरत होता. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांत विजय दोनच. महाराज थोडेच सामने खेळले. आणि या हरणाऱ्या संघाकडून बाळूंनी सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. झहीरच्या मांडीवर जितके शब्द लिहिले गेले, त्याच्या सहस्रांशानेही या खांद्यावर लिहिले गेलेले नाहीत. तो शेकला कोणी, त्याला लेप कोणता लावला, रात्री त्या कुशीवर झोप येई काय, थंड इंग्रजी सकाळी पहिले षटक टाकताना काय होई. आम्ही वाचलेल्या मजकुरात यांतले काहीही नाही. दौऱ्याच्या हकिकतींत खांदा एखाद्या अर्ध्या वाक्यात येतो आणि लगेच आकडे सुरू होतात. मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला; त्या वेळच्या मानपत्राच्या लेखनाशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. मानपत्राला गौरव दिसतो, ठणका दिसत नाही. हा त्या वाङ्मयप्रकाराचा स्वभावच आहे.

मग १९२०. चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडताना चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना वगळण्यात आले. वय हे कारण सहज पुढे करता येण्याजोगे होते आणि ते निव्वळ खोटेही नव्हते. परंतु नियोजित कर्णधार एम. डी. पै आजारी पडल्यावर बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधरांची निवड झाली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन करून अंग काढून घेतले. लोकमत पेटले. अखेर तडजोड झाली : पै कर्णधार म्हणून परतले, भाऊ परतले, आणि वगळलेल्या बाळूंना उपकर्णधार म्हणून संघात परत घेण्यात आले. सामना चालू असताना पै मैदानाबाहेर गेले; तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले.

या परत घेण्याचा अर्थ कसा लावावा? हा बदललेल्या मनाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. आम्हांला ते पुरते पटत नाही. कर्णधारपद ज्या हाताला ऐन भरात एकदाही मिळाले नाही, त्याला ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, काही षटकांपुरते, कोणीतरी मैदान सोडून गेल्यामुळे मिळाले. संघाला १९२० मध्ये बाळूंची गोलंदाजी हवी होती असे दिसत नाही. त्यांचे नाव हवे होते. मात्र नावाची ती गरज दोन भावांच्या नकारामुळे निर्माण झाली, हे विसरता कामा नये. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, ते या नकारावर उभे राहून.

असाच एक हात अमेरिकेत सापडतो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. सारा खेळ त्याच्या खांद्यावर आणि कोपरावर तोललेला असतो. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर, जन्म १९०६. गोऱ्यांच्या मोठ्या संघटनेत कृष्णवर्णीयांना तेव्हा मज्जाव असल्यामुळे तो त्यांच्या वेगळ्या संघांतून खेळे. १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळत असता त्याचा हात इतका गेला, की चेंडू फेकणे दूरच, तो उचलताही येईना. कोणी दारात उभे करीना. तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या विल्किन्सन या मालकाने त्याला आपल्या दुय्यम, गावोगाव फिरणाऱ्या संघात घेतले. हेतू एवढाच, की पेजचे नाव वाचून लोक तिकीट काढतील. म्हणजे येथेही आधी नावच घेतले गेले. पण फिरता फिरता तो हात जागा झाला. ७ जुलै १९४८ रोजी, बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलँड इंडियन्सने पेजशी करार केला. ही नुसती जाहिरातबाजी आहे, अशी टीका झाली. त्याने त्या हंगामात सहा सामने जिंकून दिले, एक गमावला, आणि क्लीव्हलँड त्या वर्षीचे विजेते ठरले.

बाळू आणि पेज यांची तुलना जात आणि वर्ण यांच्या अंगाने पुष्कळांना सुचेल. आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दोघांतला एक भेद. १९६२ मध्ये पेजचे ‘मेबी आय विल पिच फॉरएव्हर’ हे आत्मकथन, डेव्हिड लिपमन यांच्या लेखणीतून, प्रसिद्ध झाले. मेक्सिकोतल्या त्या दुखण्याची हकिकत तेथे पेजच सांगतो. दुखणाऱ्या हाताला तेथे स्वतःची बोली मिळाली. बाळूंचे आत्मचरित्र आपल्यापाशी नाही. आहे ते विठ्ठलांचे, १९४८ चे, ‘माझे क्रीडा-जीवन’. दलित आत्मकथनांचा विचार करताना आपण हे पुस्तक सहसा विचारात घेत नाही, कारण ते ‘खेळाचे’ म्हणून वेगळ्या फडताळात पडले. ते फडताळ आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांनी बनवलेले आहे. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्याची जागा शोधणारा एखादा प्रबंध व्हावयास हरकत नाही.

श्रमाचे शरीर आणि खेळाचे शरीर यांची फारकत बाळूंच्या बाबतीत करताच येत नाही. ज्या खांद्याने रूळ ओढला त्याच खांद्याने चेंडू टाकला. दुखणे त्यांतल्या कशाचे, हे कोण सांगणार? आमच्या परिसरात हा प्रश्न जुना झालेला नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवून आली, तेव्हा कौतुक करणाऱ्यांनी डोंगरवाटांवरच्या पायपिटीचे काव्य केले. पायपीट करणाऱ्या बाकीच्या बायांच्या गुडघ्यांवर त्यांतल्या कोणीच लिहिले नाही.

त्या चाळिशीच्या गोलंदाजाला शेवटी संघात घेतले. स्पर्धेच्या दिवशी आम्ही मुद्दाम जाऊन बसलो. त्याने दोनच षटके टाकली, चार पावलांच्या धावेवरून, आणि दुसऱ्या षटकात एका उतावळ्या फलंदाजाला संथ चेंडूवर उचलून मारायला लावून सीमेजवळ झेलबाद केले. नंतर तो बांधावर आमच्या शेजारी येऊन टेकला. खांदा कसा आहे, असे आम्ही विचारले. ‘उचलताना नाही दुखत,’ तो म्हणाला, ‘खाली आणताना दुखतो.’ आणि गुणलेखकाने आपले नाव बरोबर लिहिले आहे की नाही, ते पाहायला उठून गेला.