शिशाच्या शिपायाची पांढरी कीड

शिशाची जुनी खेळणी जमवणाऱ्यांना एका पांढऱ्या भुकटीची फार धास्ती असते. काचेच्या कपाटातला शिपाई सहज उचलावा, तर त्याच्या पायाखालच्या बैठकीवर पिठी सांडल्यासारखी दिसते. पुसली की बोटाला लागते, आणि काही महिन्यांनी पुन्हा येते. मग लाल कोटाच्या रंगाला पोपडे सुटू लागतात, बंदुकीचे टोक झडते आणि शेवटी घोट्यापाशी शिपाई मोडतो. इंग्लंड-अमेरिकेतले संग्राहक याला 'लेड रॉट' म्हणतात. ही बुरशी आहे आणि ती एकाची दुसऱ्याला लागते, असा त्यांच्यात बरीच वर्षे समज होता. त्यामुळे बाधित शिपायाला पलटणीतून काढून वेगळ्या डब्यात कोंडत. तो डबा पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा असला, तर बिचाऱ्याची रवानगी आगीतून फुफाट्यात होई.

बुरशी नाही, जंतू नाही. चमत्कारिक गोष्ट अशी, की जे शिपाई पोरांनी जमिनीवर लोळवले, चावले, गमावले, ते या रोगाने मेले नाहीत. मेले ते जपून ठेवलेले. या रोगाची कुळकथा सांगायची तर शिपायाचे कूळ आणि त्याच्या कपाटाचे कूळ, दोन्ही उकलावी लागतात.

शिपायाचे मूळ गाव जर्मनीतले न्यूरेंबर्ग. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथला कथीलकाम करणारा कारागीर योहान गोटफ्रीड हिल्पर्ट याने पाटीच्या दगडात कोरलेल्या साच्यांतून चपटे शिपाई ओतायला घेतले. बाजूने पाहिले तर पूर्ण आकृती, समोरून पाहिले तर जेमतेम कागदाची कड. हान्स अँडरसनने १८३८ साली लिहिलेल्या गोष्टीतला एका पायाचा शिपाई याच जातकुळीचा आहे, जुन्या कथलाच्या चमच्यातून ओतलेला. कथील महाग आणि शिसे स्वस्त, त्यामुळे धंदा पसरत गेला तसे मिश्रणात शिशाचे प्रमाण वाढत गेले. पुढे पॅरिसच्या लुकोत, मिन्यो आणि ड्रेस्डेनच्या हायडे या कारखानदारांनी सर्व बाजूंनी गोल, भरीव शिपाई काढले. विन्स्टन चर्चिलने आपल्या आत्मकथनात लहानपणच्या फौजेचे वर्णन केले आहे. सुमारे १,५०० शिपाई होते, सगळे ब्रिटिश, आणि शत्रूपक्षाची जबाबदारी धाकट्या भावावर. वडील एकदा ही फौज पाहायला आले आणि त्यांनी मुलाला सैन्यात धाडायचे ठरवले. भरीव शिपाई जड होते आणि महाग होते. ते सरदारांच्या पोरांनाच परवडणार.

हे चित्र पालटले १८९३ साली, उत्तर लंडनमध्ये. ब्रिटन नावाचे कुटुंब तिथे चावीची खेळणी बनवत असे. धाकट्या विल्यम ब्रिटनने पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. युक्ती पाहण्यासारखी आहे. धातूच्या दोन अर्ध्या साच्यांत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. थंड साच्याला टेकलेला रस क्षणात थिजतो आणि त्याची पातळ साल धरते. तेवढ्यात साचा उलटा करायचा, की मधला न थिजलेला रस एका भोकातून बाहेर येतो आणि पुढच्या शिपायाच्या कामी लागतो. उरतो तो आतून रिकामा शिपाई, दिसायला भरीव, धातू मात्र थोडका. साचा किती वेळाने उलटायचा हे सगळे ओतणाऱ्याच्या मनगटात. क्षणभर लवकर उलटला तर शिपायाला भोक पडते, उशीर केला तर तो भरीव होतो आणि नफा जातो.

एका शिलिंगला आठ पायदळ किंवा पाच घोडेस्वारांची पेटी असा भाव बसला आणि जर्मनांचा इंग्लंडमधला बाजार उठला. पहिला संच लाइफ गार्ड्स या राजरक्षक घोडेस्वारांचा. शिपायाची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे त्या काळच्या मोठ्या रुळांवरच्या खेळण्यातल्या आगगाडीशेजारी शोभेल एवढी. साम्राज्यातल्या पलटणी एकेक करून पेट्यांत उतरल्या. त्यांत आपल्याकडच्याही होत्या. फर्स्ट बॉम्बे लान्सर्स आणि सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री यांचे फेटेवाले शिपाई लंडनच्या दुकानांत लाल पेट्यांमधून विकले जात.

रंगकाम बायका करत, काही कारखान्यात आणि बऱ्याच जणी घरी नेऊन. पट्टे, कोट, विजार, शेवटी मिशी आणि गालावर गुलाबी ठिपका. ओतणाऱ्याचे कौशल्य सगळ्या शिपायांत एकसारखे उतरते. रंगवणारीचा हात मात्र प्रत्येक मिशीत वेगळा दिसतो. आज संग्राहक पैसे मोजतो ते याच ब्रशाच्या फटकाऱ्यासाठी, आणि ते पूर्णपणे योग्य आहे असे मला वाटते.

तोवर हे खेळणेच होते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकात या शिपायांच्या लढायांचे नियम बांधून दिले. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळा सोडायचा आणि समोरची पलटण प्रत्यक्ष पाडायची. अशा खेळात रंग उडणार, हात तुटणार, मान मोडणार हे गृहीतच. पण खेळलेली मुले मोठी झाली, त्यांच्या हाती पैसे आले आणि ती आपले बालपण परत विकत घेऊ लागली. १९३५ साली ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी स्थापन झाली. शिपाई जमिनीवरून उठला आणि कपाटात गेला.

कपाटही साधेसुधे नव्हते. इंग्रज घरात किमती वस्तूचे कपाट म्हणजे ओकचे. बळकट आणि दारे अशी घट्ट, की धूळ शिरू नये. घात इथेच झाला.

ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल. लाकूड कितीही मुरलेले असो, त्याच्या घटकांचे हळूहळू विघटन होत असते आणि दशके उलटली तरी ही वाफ पुरती थांबत नाही. उघड्या फळीवर ती हवेत विरून जाते; घट्ट दाराच्या कपाटात साचते. शिशावर एरवी राखाडी थर धरतो आणि तो थर आतल्या धातूचे रक्षण करतो. आम्लाची वाफ हा थर भेदते. दमट हवेत शिशाचे ॲसिटेट बनते, त्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड काम करतो आणि तयार होते शिशाचे पांढरे कार्बोनेट. या शेवटच्या पायरीवर ॲसिटिक आम्ल पुन्हा मोकळे होते आणि शेजारच्या शिशाला भिडते. म्हणून थोडीशी वाफ पुष्कळ शिसे खाते, आणि म्हणूनच भुकटी पुसली तरी परत येते.

आता या पांढऱ्या भुकटीचे नाव. रंगाच्या दुकानात ती कित्येक शतके विकली जात होती. आपण तिला सफेदा म्हणतो. ती बनवायची कृती ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने ख्रिस्तपूर्व काळातच लिहून ठेवली आहे. हंडीत शिरका (म्हणजे व्हिनेगरच), वर शिसे, तोंड बंद, काही दिवसांनी वर धरलेला पांढरा थर खरवडून घ्यायचा. पुढे डच लोकांनी त्याचा कारखानाच केला. तळाशी शिरका आणि वर शिशाची वेटोळी अशा मातीच्या शेकडो हंड्या रचायच्या आणि सगळी रास घोड्याच्या लिदीत पुरायची. लीद कुजताना ऊब देते, ओल देते आणि कार्बन डायऑक्साइडही देते. सुमारे तीन महिन्यांनी उघडले की निळसर शिशाच्या जागी पांढरी ढेकळे.

हे काम जीवघेणे होते आणि इंग्लंडमध्ये ते मुख्यतः गरीब बायका करत. पूर्व लंडनमधल्या अशा बायकांची अवस्था चार्ल्स डिकन्सने १८६८ साली लिहिली आहे. नाटककार शॉच्या 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन' नाटकात मिसेस वॉरनची एक सावत्र बहीण सफेद्याच्या कारखान्यात राबून शिशाच्या विषाने मरते. १८९८ साली इंग्लंडने या कारखान्यांच्या घातक कामांतून बायकांना काढले, आणि १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याच्या रंगावर निर्बंध घालणारा करार केला. जस्ताचा पांढरा बाजारात आला होता, तरी तोवर पांढरा तैलरंग म्हटला की सफेदा डोळ्यांपुढे येई.

ओकच्या कपाटात दोन पिढ्या हाच कारखाना चालू होता, लिदीशिवाय आणि अगदी संथ. शिरक्याच्या जागी फळी, हंडीच्या जागी काचेचे दार. शिपायाच्या अंगावर जो पांढरा पट्टा काढायचा, त्याचाच रंग अख्खा शिपाई होऊन बसत होता.

संग्रहालयांनाही हे सहज उमगले नाही. १८९९ च्या सुमारास लॉफ्टस बाइन या शंखशिंपले जमवणाऱ्या इंग्रजाने शंखांवर धरणाऱ्या पांढऱ्या खपल्यांबद्दल लिहिले. त्याने ब्युटिरिक आम्लाला आणि जंतूंना दोष दिला. खरा दोष याच वाफांचा, लाकडी खणांमधल्या. निदान चुकले तरी रोगाला नाव त्याचेच राहिले. १९७३ साली ब्रिटिश म्युझियमच्या अँड्रू ओडी यांनी एक सोपी कसोटी आणली. कपाटाला वापरायचे लाकूड, कापड किंवा रंग यांचा तुकडा शिसे, तांबे आणि चांदीच्या छोट्या पट्ट्यांसोबत बंद काचनळीत ठेवायचा, थोडे पाणी घालायचे आणि ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे. पट्ट्या डागळल्या की तो माल संग्रहालयात नको. शिशाच्या पट्टीचे काम यात नेमके ॲसिटिक वाफ पकडण्याचे.

घरी एवढे कोण करणार? पण शिशाचा एक घासून चकचकीत केलेला तुकडा कपाटाच्या कोपऱ्यात ठेवता येतो. रंगवलेल्या शिपायाआधी तो उघडा तुकडा पांढरा पडतो. ओक तर नकोच. प्लायवुड आणि एमडीएफही नको, कारण त्यांच्या चिकट्यातूनही आम्लवाफा सुटतात. आपल्याकडच्या दिवाणखान्यातल्या शोकेस बहुधा याच मालाच्या. भट्टीत रंग पक्का केलेले लोखंडी कपाट आणि काचेच्या फळ्या उत्तम. मात्र काच जोडायला वापरलेल्या सिलिकॉनला आंबूस वास येत असेल, तर तो ॲसिटिक आम्लाचाच. वास पुरता जाईपर्यंत कपाट उघडे आणि रिकामे ठेवावे. जुन्या सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्मची रिळे त्या कपाटात कधीच नकोत. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातल्या माणसांना ज्या 'व्हिनेगर सिंड्रोम'ची चिंता असते तो हाच वास. हवा कोरडी हवी, दमटपणा निम्म्याच्या खाली. मुंबई-कोकणात पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या वरचेवर वाळवाव्या लागतील.

सगळ्यात अवघड प्रश्न मूळ पेटीचा. ब्रिटनची लाल पेटी, तिच्यावरचे चित्र, आतल्या पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधलेले शिपाई, हे सगळे जसेच्या तसे असेल तर लिलावात भाव चढतो. आणि तो जुना पुठ्ठा स्वतःच आम्ल सोडत असतो. पेटी आणि शिपाई वेगवेगळे ठेवावेत हेच शहाणपणाचे. पण दोरा सोडला की 'कधी न सोडलेला संच' हे बिरुद गेले. इथे माझे मत शिपायाच्या बाजूने पडते. बिरुद टिकवून आतला माल पिठी करून घेण्यात काय हशील?

दुरुस्तीचे कूळ मात्र खेळणाऱ्या मुलांचे आहे. पोकळ शिपायाची मान तुटली की धडाच्या भोकात आगकाडी खोचायची आणि तिच्यावर डोके बसवायचे, ही घराघरातली रीत. आजही जुन्या मालात मानेत काडी असलेले शिपाई सर्रास सापडतात. तुटलेल्या हातांच्या जागी नवे ओतीव हात विकत मिळतात. रंगाचे तसे नाही. उडालेल्या जागी रंग भरायचा मोह आवरला नाही तर अख्खा कोट नवा होतो, आणि ती रंगवणारी बाई कायमची पुसली जाते. आपल्याकडे देवाच्या मूर्तीवर शेंदराचे लेप चढत राहतात. तो परंपरेचा शेंदूरही शिशाचाच. वणीच्या सप्तशृंगीवरचे थर २०२२ साली उतरवल्यावर खालच्या मूळ रूपाची महाराष्ट्रभर चर्चा झाली. शिपायाच्या बाबतीत असा शोध लागत नाही, कारण दुसरा रंग देणारे बहुतेक जण आधी पहिला रंग खरवडून काढतात.

सुटू पाहणारा पोपडा जागीच चिकटवावा, पुढे विरघळवून काढता येईल अशा ॲक्रिलिक राळेने. तिचा द्रावक जुन्या रंगाला सोलत नाही ना, हे आधी बैठकीच्या कडेला पाहून घ्यावे. चकाकी गेली म्हणून वर वॉर्निश फासू नये. पाण्यात बुडवू तर मुळीच नये. पोकळीत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. पांढरी भुकटी विषारी आहे. ती फुंकून उडवायची नाही, घासायची नाही. ओलसर कापडाने टिपायची, कापड टाकून द्यायचे, हात धुवायचे आणि मुलांना लांब ठेवायचे. रंग नसलेल्या शिशावरचा रोग प्रयोगशाळेत विजेच्या साहाय्याने उलटवता येतो, पण त्या द्रावणात रंग तग धरत नाही. त्यामुळे रंगीत शिपायाला कपाट बदलण्यापलीकडे फारसा इलाज नाही.

शिशाच्या विषाची धास्ती वाढून नियम कडक होऊ लागले आणि १९६६ साली ब्रिटन कंपनीने शिशाचे ओतकाम थांबवले. तोवर तिच्याकडे 'हेरल्ड' नावाचे प्लास्टिकचे शिपाई आलेच होते. त्यांना ही पांढरी कीड लागत नाही. पण प्लास्टिकवर रंग नीट धरत नाही, हात लावला की सालीसारखा सुटतो, आणि काही दशकांनी संगीन काडकन मोडते. त्या दुखण्याचे कूळ अगदीच वेगळे.