गुन्हा कुणाचा? : दूरचित्रवाणीवरील सदोष अन्वेषकाचा इतिहास

गुन्हेकथा आणि तिचा वाचक यांच्यात आरंभापासून एक अलिखित करार होता. जगाची घडी एका खुनाने विस्कटते आणि अन्वेषक ती पुन्हा नीट बसवून देतो. या करारात अपराध एकाच व्यक्तीच्या माथी असे. शोध घेणारा त्या अपराधाच्या बाहेर उभा असे. शेरलॉक होम्सला कोकेनचे व्यसन होते, त्याला औदासीन्याचे झटके येत. परंतु त्या त्याच्या स्वभावाच्या लकबी होत्या. त्याच्या हातून कुणावर अन्याय झाला आणि त्या ओझ्याने तो वाकला, असे चित्र कोनान डॉयलला रंगवावेसे वाटले नाही.

गेल्या काही दशकांत दूरचित्रवाणीने हा करार मोडला. आजच्या मालिकांतला तपास अधिकारी मद्यपी असतो, त्याचे घर मोडलेले असते आणि मुख्य म्हणजे त्याच्या मनावर एखाद्या जुन्या चुकीची सावली असते. या बदलाचे श्रेय बहुधा आधुनिक मानसशास्त्राला दिले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ज्या ब्रिटिश मालिकांनी हा नायक घडवला त्यांच्या तारखा न्यायालयांच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिल्या, तर वेगळेच कारण दिसू लागते.

प्रारंभ 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन'पासून करावा लागतो. बीबीसीने १९५५ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९७६ पर्यंत चालली. तिचा नायक, वयस्कर शिपाई जॉर्ज डिक्सन, पोलीस ठाण्याबाहेर उभा राहून थेट प्रेक्षकांशी बोले आणि शेवटी दोन समजुतीच्या गोष्टी सांगून निरोप घेई. युद्धोत्तर इंग्लंडला पोलिसाविषयी जे वाटावेसे वाटत होते, ते जॅक वॉर्नर या नटाच्या चेहऱ्यावर होते. १९६२ मध्ये आलेल्या 'झेड कार्स'ने या चित्राला पहिला तडा दिला. गस्तीवरचा एक शिपाई घरी बायकोवर हात उचलतो, हे तिच्या पहिल्याच भागात दिसले आणि पोलीस वर्तुळातून नाराजी उमटली. १९७५ च्या 'द स्वीनी'मध्ये जॉन थॉ याने रंगवलेला रीगन नियम धाब्यावर बसवणारा होता. पण त्याच्या धसमुसळेपणात प्रेक्षकाला गंमत वाटे. १९७८ मध्ये बीबीसीने जी. एफ. न्यूमन यांची 'लॉ अँड ऑर्डर' ही चार नाट्यांची मालिका दाखवली. गुप्तहेर, गुन्हेगार, वकील आणि कैदी अशा चार बाजूंनी सांगितलेल्या या कथेत पुरावा बनवणे हा पोलिसी कामकाजाचा नित्याचा भाग म्हणून येतो. तिने वादळ उठवले. तरीही इथवर पोलिसाचा दोष हा बाहेरून पाहायचा दोष होता. तो दोष पोलिसाच्या स्वतःच्या मनाला टोचत नव्हता.

दरम्यान प्रत्यक्षात काय घडत होते? २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममधील दोन मद्यगृहांत बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे ठार झाली. सहा आयरिश पुरुषांना अटक झाली, त्यांतील चौघांचे कबुलीजबाब सादर झाले आणि १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. मारहाण करून कबुल्या घेतल्या, हे त्यांचे म्हणणे वर्षानुवर्षे कुणी मानले नाही. १४ मार्च १९९१ रोजी त्यांची शिक्षा रद्द झाली, तेव्हा सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्याआधी ऑक्टोबर १९८९ मध्ये गिल्डफर्ड प्रकरणातील चौघे असेच सुटले होते. बर्मिंगहॅमचे सहा जण सुटले त्याच दिवशी सरकारने फौजदारी न्यायव्यवस्थेच्या चौकशीसाठी शाही आयोग घोषित केला आणि त्या आयोगाच्या शिफारशीवरून पुढे १९९७ मध्ये चुकीच्या शिक्षांचा फेरविचार करणारी स्वतंत्र संस्था काम करू लागली. तत्पूर्वी १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने संशयिताची चौकशी ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत घालून दिलीच होती.

मँचेस्टरच्या ग्रॅनडा या दूरचित्रवाणी कंपनीने 'वर्ल्ड इन अ‍ॅक्शन' या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमातून १९८५ मध्ये बर्मिंगहॅम खटल्यातील पुराव्यावर शंका उपस्थित केली होती. १९९० मध्ये याच विषयावर तिने नाट्यही सादर केले. आणि सहा जणांच्या सुटकेनंतर महिन्याभरातच, एप्रिल १९९१ मध्ये, याच कंपनीची 'प्राइम सस्पेक्ट' प्रेक्षकांसमोर आली. लिंडा ला प्लँट यांनी ती त्या सुटकेवरून लिहिली, असा दावा येथे नाही. लेखन आधीच झालेले होते. परंतु पोलिसाने मिळवलेल्या कबुलीवर समाजाचा विश्वास उरला नव्हता, त्या हवेत ती लिहिली गेली आणि त्याच हवेत ती पाहिली गेली.

या मालिकेतील जेन टेनिसन (हेलन मिरेन) हिच्याविषयी बोलताना पुरुषी खात्यातील स्त्री हा मुद्दा नेहमी पुढे येतो, आणि तो खराच आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची. तिच्या आधीच्या अधिकाऱ्याने बळी पडलेल्यांपैकी एका स्त्रीशी असलेला आपला संबंध लपवलेला असतो आणि त्याची अब्रू राखण्यासाठी सार्जंट ओटली पुरावा दडवतो. म्हणजे तपासाची पहिली अडचण गुन्हेगाराने निर्माण केलेली नसून खात्याने निर्माण केलेली आहे. १९९५ च्या एका कथेत तसेच खून पुन्हा होऊ लागतात आणि टेनिसनने पहिल्या खटल्यात निरपराध माणसाला तुरुंगात धाडले की काय, असा संशय उभा राहतो. संशय अखेर खोटा ठरतो. परंतु ज्या देशाने नुकतेच सोळा वर्षांचे तुरुंगवास रद्द होताना पाहिले होते, तिथे हा प्रश्न नुसती कथायुक्ती नव्हता.

या धाग्याचे टोक गाठले ते जिमी मॅकगव्हर्न यांच्या 'क्रॅकर'ने (१९९३). तिचा नायक फिट्झ हा मानसशास्त्रज्ञ. जुगारी, दारुडा, घरात नकोसा झालेला. पहिल्याच वर्षातील एका कथेत एका शाळकरी मुलाचा खून होतो. फिट्झ आपल्या बुद्धिचातुर्याने एका शिक्षकाकडून कबुली मिळवतो. नंतर तोच शिक्षक त्याला एकांतात सांगतो की खून आपण केलेला नाही. फिट्झला ते पटते. तो तपासप्रमुख बिलबरोला थांबायला सांगतो. पण बाहेर जमाव आणि वार्ताहर उभे असतात, आणि बिलबरो आरोप ठेवतोच. खरा खुनी सापडत नाही. प्रेक्षकाच्या हाती उरते ती फक्त एक खोटी कबुली, आणि ती मिळवणारा आपला लाडका नायक. होम्सच्या काळापासून चालत आलेला करार इथे पूर्णपणे मोडला.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, मॅकगव्हर्न यांनी हिल्सबरो दुर्घटनेची जखम कथेत आणली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या फुटबॉल मैदानावर गर्दीत चिरडून लिव्हरपूलचे ९६ प्रेक्षक गेले (पुढे ही संख्या ९७ धरली गेली) आणि दोष प्रेक्षकांच्याच माथी मारण्यात आला. कथेतील अल्बी किन्सेला त्या दिवसातून वाचलेला, संतापाने खुनी झालेला कामगार आहे. सार्जंट बेक त्याच्यापर्यंत पोहोचतो, पण त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यामुळे आणि आजाराच्या बतावणीमुळे फसून त्याला सोडून देतो. पुढे अल्बी बिलबरोचा खून करतो. बेकला ते सहन होत नाही. मात्र त्याचे अपराधीपण त्याला अधिक चांगला माणूस बनवत नाही. तो कुजत जातो, स्वतः भयंकर अत्याचार करतो आणि शेवटी आत्मनाश ओढवून घेतो.

वास्तवात काय झाले तेही पाहू. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिले की पोलिसांच्या १६४ जबाबांत महत्त्वाचे फेरफार झाले होते आणि त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांना प्रतिकूल मजकूर काढला किंवा बदलला होता. २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले. २०१९ मध्ये त्या दिवशीचे प्रमुख पोलीस अधिकारी न्यायालयातून निर्दोष सुटले. कल्पित बेक एका चुकीच्या भाराने संपला. प्रत्यक्षातील खात्याने मात्र दीर्घकाळ कागद दुरुस्त केले.

या विसंगतीतून एक गंभीर आक्षेप उद्भवतो, आणि तो टाळता येणार नाही. व्यवस्थेने जी कबुली द्यायला हवी, ती पडद्यावरचा एक दुःखी माणूस देत असेल, तर प्रेक्षकाचे समाधान फार स्वस्तात होत नाही का? नायक रात्री जागतो, पितो, रडतो. आपण त्याला क्षमा करतो, आणि त्याच्या चुकीने ज्याचे आयुष्य गेले तो माणूस कथेतून निघून जातो. पश्चात्ताप ही मनाची अवस्था आहे. उत्तरदायित्व ही कृती आहे. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की कला नकळत खात्याची वकिली करू लागते. डेन्मार्कच्या 'फॉरब्रूडेल्सन' (२००७ ते २०१२) या मालिकेच्या अखेरीस सारा लुंड कायद्याच्या हाती न लागणाऱ्या संशयिताला स्वतःच गोळी घालते आणि देश सोडून पळते. अनेक प्रेक्षक तिच्या बाजूने उभे राहतात, कारण तिचे दुःख त्यांनी इतके तास जवळून पाहिलेले असते.

'प्राइम सस्पेक्ट'चा २००६ मधील शेवट या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटतो. निवृत्तीला आलेली, मद्याच्या आहारी गेलेली टेनिसन व्यसनमुक्तीच्या सभेत जाते. तिथे तिला जुना वैरी ओटली भेटतो आणि पूर्वीच्या वागण्याबद्दल तिची क्षमा मागतो. ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर उभे राहून ते मान्य करणे, एवढेच त्या प्रसंगात आहे.

आपल्याकडे हा इतिहास उलट्या क्रमाने घडला. इंग्लंडमध्ये पोलिसासमोरची कबुली पुरावा म्हणून चालत असे. हिंदुस्थानात मात्र इंग्रजांनीच १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने ती अग्राह्य ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही (कलम २३) तोच नियम कायम आहे. कायद्याचा अविश्वास इतका जुना. आणि दूरचित्रवाणीचा विश्वास मात्र अढळ. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी'त शिवाजी साटम यांच्या प्रद्युम्नसमोर संशयित एका थपडेसरशी सारे कबूल करतो आणि न्यायाधीशाआधी अधिकारीच त्याला फाशीचे भवितव्य ऐकवतो. घरोघरी आनंदाने पाहिली गेलेली ही मालिका, पण त्या थपडेचा प्रश्न तिला कधी पडला नाही.

वास्तविक हा प्रश्न मराठी लेखणीने फार आधी विचारला होता. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये 'अर्धसत्य' केला; पटकथा विजय तेंडुलकरांची. फौजदार अनंत वेलणकराच्या मारहाणीत कोठडीतला एक चोर मरतो. स्वतःला वाचवण्यासाठी त्याला ज्याच्या दारी जावे लागते, त्या रामा शेट्टीचाच तो शेवटी खून करतो आणि ठाण्यात येऊन स्वाधीन होतो. टेनिसन आणि फिट्झ यांच्या कित्येक वर्षे आधीचा हा नायक. मात्र तो चित्रपटगृहात राहिला. आपल्या मालिकांनी त्याचा वारसा घेतला नाही. २०२० च्या 'पाताल लोक'मधील हाथीराम चौधरीमध्ये त्याची ओळख पुन्हा पटते, पण तोवर प्रेक्षक पाश्चात्त्य मालिकांमधून या नायकाला भेटलेला होता.

सदोष अन्वेषक म्हणजे परदेशी फॅशन, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही. कबुली कशी मिळाली हे विचारण्याचे भान समाजाला जेव्हा येते तेव्हा असा नायक जन्मतो. वेलणकराला बळ पुरत नाही हे आपण पाहिले. त्याने मारलेल्या चोराचे नाव किती प्रेक्षकांच्या लक्षात राहिले, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारायचा आहे. पुढची चांगली गुन्हेकथा कदाचित त्या चोराच्या घरापासून सुरू होईल.