यंदा कोणता फड कोरडा?

दोंडाईच्याच्या माणसाला भर मे महिन्यात हिरवळ दिसली, की पहिला प्रश्न पडतो: पाणी कुठून आणता राव? गोल्फ खेळणाऱ्या एका मित्राला मी तो विचारलाच. तो म्हणाला, टंचाईत सगळ्या मैदानाला पाणी देतच नाहीत. आधी ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. मग टी, मग फेअरवे. कडेचं रफ सरळ वाळू द्यायचं. बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. वरून पिवळी पडते, पाऊस आला की पुन्हा फुटते.

मला एकदम आमच्या खानदेशातली फड पद्धत आठवली. धुळे जिल्ह्यात पांझरेवर, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरमवर ती काही शतकं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असलं की यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा, हे गावच ठरवायचं. आणि शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत, म्हणजे कोरड्या फडात ठरवणाऱ्याचंही शेत असायचंच.

आता २०१६ आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. क्रिकेट मंडळाने मैदानांसाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायची तयारी दाखवली होती, पण उपयोग झाला नाही. मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळुरूत झाला.

सामने हलवून लातूरला किती पाणी मिळालं, हा वाद तेव्हाही झाला. मला खटकतं ते वेगळंच. दुष्काळ दिसत असताना वेळापत्रक छापलं गेलं, आणि काय सुकवायचं हा प्रश्न स्पर्धा सुरू झाल्यावर कोर्टात सुटला. वेळापत्रक ठरवणाऱ्यांचा त्या कोरड्या फडात एक वाफाही नव्हता.

आमच्या घरी उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी आई तुळशीला घालायची. मोगरा वाळू द्यायची. मोगरा तिचाच होता, तिनेच हौसेने लावलेला.